केगमधली बीअर बाटलीत भरताना होणारा फेस आणि तीन आठवड्यांत उतरणारी चव

घरचा_हंडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी दोन वर्षांपासून घरी बीअर करतो आहे आणि त्यातले गेले वर्षभर ती बाटल्यांऐवजी 19 लिटरच्या केगमध्ये, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली बीअर ठेवायच्या बंद पिंपात, भरतो. केगमुळे पन्नास-पन्नास बाटल्या धुण्याचा उद्योग संपला हे खरे, पण कोणाकडे जाताना चार बाटल्या सोबत न्यायच्या ठरवल्या की माझी पंचाईत होते.

आजवर तीनदा प्रयत्न केला. केगच्या मीटरभर नळीला असलेली हाताने दाबायची साधी प्लास्टिकची तोटी बाटलीच्या तोंडाशी धरून बीअर सोडली, तर बाटलीचा दोन-तृतीयांश भाग फेसानेच भरतो. मग फेस बसेपर्यंत थांबायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा थांबायचे, असे करत एका बाटलीला दहा मिनिटे जातात आणि निम्मी बीअर फरशीवर जाते. एवढे करून मित्राने तीन आठवड्यांनी जी बाटली उघडली, ती वायू निघून जाऊन जवळजवळ निर्जीव झालेली होती आणि तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता. त्याच आठवड्यात त्याच केगमधून मी काढलेला पेला मात्र उत्तम होता, म्हणजे दोष बीअरचा नसून भरण्याचा असावा.

केगमधला दाब 12 पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) आहे, फ्रिजचे तापमान 4 अंश आहे आणि बाटल्या निर्जंतुक करून ओट्यावर पालथ्या ठेवलेल्या असतात. बीअर गन किंवा तसले एखादे यंत्र घेतल्याशिवाय हे काम जमणारच नाही, असे समजावे का?

शीतघट

यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या वर्णनात ज्या शब्दाशी मी थांबलो, तो 'ओट्यावर' हा आहे.

द्रवात किती वायू विरघळून राहील हे त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हा नियम विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडला, आणि त्याच्या जोडीला तापमानाचाही हिशेब असतो, कारण द्रव जितका गार तितका वायू त्यात सुखाने राहतो. 4 अंशांवर 12 पीएसआय दाबाखाली तुमच्या बीअरमध्ये साधारण अडीच घनमाने वायू असणार, म्हणजे एक लिटर बीअरमध्ये अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड, वजनाने सुमारे 5 ग्रॅम. हाच वायू 20 अंशांच्या बीअरमध्ये कोंडून ठेवायचा असेल तर 27 पीएसआयच्या आसपास दाब लागतो. आता तुम्ही काय करता ते पाहा. गार बीअर खोलीच्या तापमानाच्या काचेवर ओतता, त्यामुळे काचेला लागून असलेला थर क्षणात तापतो. त्याच वेळी तिच्यावरचा दाब एकदम जातो. आणि तोंडापासून तळापर्यंत आपटत जाताना ती हवेचे असंख्य बुडबुडे सोबत ओढते, ज्यांच्याभोवती वायूला बाहेर पडायला आयती जागा मिळते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर फेस झाला नसता तरच नवल.

उपाय फुकटचा आहे. बाटल्या निर्जंतुक करून, आतून ओल्याच ठेवून, तोंडावर फॉइलचा तुकडा लावून आदल्या रात्री केगशेजारी फ्रिजमध्ये ठेवा. ओल्या काचेवर फेस कमी धरतो, कारण कोरड्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खाचखळगे ओलाव्याने भरलेले असतात. तोटी आणि नळीही फ्रिजच्या आतच राहू द्या. पहिला पाव पेला नळी गार करण्यापुरता म्हणून काढून घ्या आणि तो पिऊन टाका, बाटलीत घालू नका. माझ्या अनुभवात महागड्या यंत्राने कोमट बाटली भरणाऱ्यापेक्षा साध्या नळीने गार बाटली भरणाऱ्याचे काम नेहमीच चांगले होते.

नळीवाला

शीतघट यांच्याशी सहमत. त्यात भर म्हणून मी गेली अनेक वर्षे वापरत असलेली जोडणी सांगतो. तिला लागणारे सगळे साहित्य बहुतेकांच्या घरात आधीच पडलेले असते.

तुमच्याकडे आहे तीच तोटी घ्यायची. तिच्या तोंडात घट्ट बसेल अशी ताठ प्लास्टिकची नळी, बाटलीच्या तळाला टेकेल एवढ्या लांबीची, घ्यायची आणि तिचे खालचे टोक तिरके कापायचे, म्हणजे तळाला टेकले तरी प्रवाह अडत नाही. या नळीवर मध्यभागी भोक असलेले, बाटलीच्या तोंडात बसणारे रबरी बूच चढवायचे. आता केगचा वायुपुरवठा बंद करून झाकणावरच्या सुरक्षा झडपेने आतला दाब सोडून द्यायचा आणि मग रेग्युलेटरवर 4 ते 5 पीएसआय लावून पुरवठा पुन्हा सुरू करायचा. नळी तळापर्यंत घालायची, बूच तोंडात दाबून बसवायचे आणि तोटी पूर्ण उघडायची. अर्धवट उघडलेली तोटी म्हणजे फेसाचा कारखाना, हे लक्षात असू द्या.

सुरुवातीला बीअर जोराने येते, थोडा फेस होतो, पण बूच बंद असल्यामुळे बाटलीतल्या वायूला वाट नसते. तो दाबला जातो आणि बाटलीतला दाब केगच्या दाबाइतका झाला की प्रवाह आपोआप थांबतो. येथून पुढचे काम अंगठ्याचे आहे. बुचाची कड अगदी किंचित उचलायची, म्हणजे 'फिस्स' आवाज होऊन थोडा वायू सुटतो आणि तेवढीच बीअर वर चढते. घाई करून बूच पूर्ण उचलले की दाब एकदम पडतो आणि बाटली उसळते; हळूहळू सोडत गेलात तर बीअर शांतपणे, जवळजवळ फेसाशिवाय, गळ्यापर्यंत येते. अगदी काठापर्यंत भरून तोटी बंद करायची आणि नळी बाहेर काढायची, कारण नळीने व्यापलेली जागा रिकामी झाल्यावर वर राहते ती पोकळी नेमकी हवी तेवढी, बोटभर असते.

पहिल्या दोन बाटल्या बिघडतील, त्या आधीच हिशेबात धरा. तिसरीपासून हात बसतो. सगळ्या बाटल्या भरून झाल्यावर दाब पुन्हा 12 वर न्यायला विसरू नका. कमी दाबावर तास-दीड तास काही बिघडत नाही, पण दोन दिवस तसेच राहिले तर केगमधल्या बीअरमधलाच वायू निघून जाईल.

तुमची नळी मीटरभरच आहे, हेही तुमच्या त्रासाचे एक कारण आहे. 12 पीएसआयला 4.8 मिलिमीटर आतील व्यासाची नळी साधारण 3 मीटर लांब असावी लागते, कारण नळीतले घर्षण दाब हळूहळू खात जाते आणि बीअर तोटीशी येईपर्यंत निवलेली असते. आखूड नळीत तो दाब सगळा तोटीपाशीच एकदम सुटतो.

फेसपुराण

म्हणजे अजिबात फेस न होता बाटली भरली गेली, तर ते सर्वोत्तम, असेच ना?

गणिती

नाही, आणि धागाकर्त्यांच्या पुठ्ठ्याच्या वासाचे उत्तर येथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

समजा, 330 मिलिलिटरची बाटली फेसाशिवाय भरली आणि वर 15 मिलिलिटर पोकळी उरली, आणि त्या पोकळीत हवा आहे. हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो, म्हणजे 3 मिलिलिटरहून थोडा जास्त, वजनाने साधारण 4 मिलिग्रॅम. हा सगळा प्राणवायू आज ना उद्या बीअरमध्ये उतरणार. एका लिटरमागे हिशेब केला तर तो 12 मिलिग्रॅमच्या वर जातो. मोठ्या कारखान्यांत भरलेल्या बाटलीतला एकूण प्राणवायू लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. म्हणजे केवळ बोटभर हवा झाकणाखाली राहू दिल्याने आपण त्यांच्या शंभरपटीने अधिक प्राणवायू आत कोंडतो, आणि भरताना बीअर आपटल्यामुळे तिच्यात मिसळलेली हवा यात धरलेलीच नाही.

याचा परिणाम क्रमाने दिसतो. आधी हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, ताजा वास जातो, मग रंग गडद होऊ लागतो आणि मग ओल्या पुठ्ठ्याचा तो वास येतो, ज्याच्याशी ट्रान्स-2-नोनेनाल या द्रव्याचे नाव कायम जोडले जाते. भरपूर हॉप्स घातलेल्या गढूळ, फिकट बीअरची तर आठवड्याभरात करडी-जांभळी छटा होते. ती ज्याने एकदा पाहिली तो पुन्हा हवेच्या वाटेला जात नाही.

म्हणून फेस हवा, पण शेवटी आणि तोंडाशी हवा. बाटली भरली की तळाशी हलकेच टिचकी मारा किंवा शेवटचे दोन थेंब वरून सोडा. बारीक फेस उठून तोंडाबाहेर येऊ लागेल. त्या फेसातले बुडबुडे शुद्ध कार्बन डायऑक्साइडचे असतात आणि ते वर येताना हवेला बाहेर ढकलतात. झाकण त्या फेसावरच ठेवायचे आणि त्याच क्षणी दाबायचे. दहा बाटल्या भरून मग एकदम झाकणे लावण्याची सोय येथे चालत नाही. मोठ्या खडबडीत बुडबुड्यांचा फेस उपयोगाचा नाही, कारण त्यांत हवाच अडकलेली असते. फेस साईसारखा दाट असावा.

याशिवाय भरण्यापूर्वी रिकाम्या बाटलीत, तळापर्यंत नळी घालून, चार-पाच सेकंद कार्बन डायऑक्साइड सोडावा. तो हवेपेक्षा जड असला तरी चादरीसारखा तळाशी पसरून राहतो ही समजूत खरी नाही, तो हवेत मिसळतोही. त्यामुळे वायू सोडल्यावर लगेच भरायला घ्यावे.

घरचा_हंडा (धागाकर्ता)

गणिती यांचे आकडे वाचून थक्क झालो. मी फेस पूर्ण बसेपर्यंत वाट पाहत होतो आणि मग स्वच्छ, निवांत बाटलीला झाकण लावत होतो, म्हणजे नेमके उलटे करत होतो.

एक शंका आहे. वायू कमी पडलाच तर भरताना प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाकावी का? बाटलीत आंबवण्याच्या दिवसांत आम्ही ती टाकतच होतो.

शीतघट

कृपया टाकू नका. आधीच वायू भरलेल्या बीअरमध्ये साखरेचे दाणे पडले की प्रत्येक दाण्याभोवती बुडबुडे फुटतात आणि बाटली तुमच्या डोळ्यांदेखत कारंज्यासारखी रिकामी होते. हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी भाग झाला.

धोका नंतर आहे. एका लिटरला 4 ग्रॅम साखर यीस्टने पचवली की साधारण एक घनमान वायू तयार होतो. निवळलेल्या बीअरमध्ये बाटलीत घालताना लिटरला 6 ग्रॅम साखर सर्रास घातली जाते, पण ती बीअर तेव्हा जवळपास निर्जीव असते. तुमच्या केगमधल्या बीअरमध्ये अडीच घनमाने आधीच आहेत. वर दीड पडली की चार होतात, आणि नेहमीची पातळ काचेची बाटली त्यासाठी बनवलेली नसते. फुटलेल्या बाटलीचे तुकडे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात. केगमधली बीअर पूर्ण आंबून स्थिर झालेली नसेल तर साखर न घालताही हेच घडते, म्हणून भरण्याआधी लागोपाठ दोन-तीन दिवस घनतेचे माप घेऊन ते बदलत नाही याची खात्री करून घ्यावी.

वायू कमी पडण्याची भीती असेल तर भरण्याआधी दोन-तीन दिवस केगचा दाब एक-दोन पीएसआयने वाढवून ठेवा. भरताना थोडासा वायू जातोच, तो असा आधीच भरून निघतो.

जुनी_मुरवण

मला येथे थोडा वेगळा सूर लावायचा आहे. सर्वांनी जे सांगितले ते महिन्या-दीड महिन्यात संपणाऱ्या बीअरसाठी योग्य आहे. पण काळी, जड, वर्षभर मुरवण्याची बीअर असेल, तर केगमधून वायूसह भरण्याचा अट्टाहास कशासाठी? बाटलीत साखर घालून आंबवताना जिवंत यीस्ट पोकळीतला बराचसा प्राणवायू स्वतःच खाऊन टाकतो. कितीही काळजी घेतली तरी घरच्या नळीने भरलेल्या बाटलीला हे संरक्षण मिळत नाही. अशा वेळी मी केगचा उपयोग केवळ बंद भांडे म्हणून करतो: निर्वायू बीअर आणि उकळून गार केलेला साखरेचा पाक कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या केगमध्ये एकत्र करायचा, एक-दोन पीएसआयच्या दाबाने बाटल्या भरायच्या आणि तीन आठवडे खोलीत ठेवायच्या. बीअर कुठेही उघड्यावर येत नाही, फेसाचा प्रश्नच उरत नाही.

गणिती

मान्य. यीस्ट सगळा प्राणवायू घेत नाही, काही भाग बीअरशी आधीच जोडला जातो, परंतु लांब पल्ल्याच्या बीअरसाठी तुमचीच पद्धत योग्य आहे. धागाकर्त्यांना मात्र केगमध्ये असलेल्या तयार बीअरच्या चार बाटल्या न्यायच्या आहेत, आणि तळाशी साका नको असेल किंवा प्रवासात बाटली हलणार असेल, तर केगमधून भरणेच बरे.

दोनयंत्री

माझ्याकडे बीअर गन आणि प्रतिदाबाने भरण्याचे यंत्र, दोन्ही आहेत, म्हणून मूळ प्रश्नातल्या त्या भागाचे उत्तर देतो. बीअर गन म्हणजे टोकाला तळाशी झडप असलेली लांब पोलादी नळी. एक खटका दाबला की बाटलीत वायू जातो, दुसरा दाबला की तळातून बीअर येते. बाटलीत दाब नसतो, त्यामुळे बीअर फार गार, नळी लांब आणि केगचा दाब कमी असेल तरच तिचे काम चांगले होते. प्रतिदाबाच्या यंत्रात आधी बाटलीत केगइतकाच दाब वायूने भरतात आणि मग वरची झडप जराशी उघडून तो हळूहळू सोडत बीअर वर चढवतात. नळीवाला यांचे बूच आणि अंगठा हेच काम करतात, एवढाच फरक की बुचाच्या वेळी पूर्ण दाब नसतो. जास्त वायूची, गव्हाची बीअर भरायची असेल तर प्रतिदाबाचे यंत्र खरोखर उपयोगी पडते. त्यात मात्र काचेवर पूर्ण दाब येतो. तडा किंवा कपचा असलेली बाटली त्यात लावू नये आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. एरवी वर्षातून चार वेळा डझनभर बाटल्या भरणाऱ्याने पैसे वाचवावेत. ही यंत्रे खोलून धुण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात बुचाने सहा बाटल्या भरून होतात.

झाकणझोल

बाटलीच्या तोंडाचे कोणी बोललेच नाही. चुणीदार कडेचे पत्र्याचे झाकण विल्यम पेंटर यांनी 1892 मध्ये आणले, आणि आजही बहुतेक बाटल्यांना त्याचा 26 मिलिमीटरचा आकार लागतो. काही जाड बाटल्यांना 29 मिलिमीटरचे लागते आणि त्यासाठी झाकण दाबायच्या यंत्राची घंटाकार वाटी बदलावी लागते. हाताने फिरवून उघडायच्या बाटल्यांचा गळा पातळ आणि आटेदार असतो, त्यांच्यावर घरच्या यंत्राने झाकण नीट बसत नाही आणि वायू हळूहळू गळतो. धागाकर्त्यांची निर्जीव बाटली तशी तर नव्हती ना? झाकण लावल्यावर बाटली आडवी करून जोरात हलवा आणि तोंड पाण्यात बुडवून पाहा, बुडबुडे दिसले तर गळती आहे.

दुसऱ्याच दिवशी प्यायची असेल तर सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्या, भरून झाल्यावर ती पिळून बीअर तोंडापर्यंत आणा आणि मग झाकण फिरवा. हवा उरतच नाही. मात्र प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू झिरपतो, त्यामुळे ती महिनाभर ठेवू नये.

घरचा_हंडा (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी परत आलो आहे.

झाकणझोल यांचा तर्क बरोबर निघाला. तीनपैकी दोन बाटल्या फिरवून उघडायच्या होत्या. त्या टाकून दिल्या. नळीवाला यांच्याप्रमाणे जोडणी केली, बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. पहिल्या बाटलीच्या वेळी केगमधला जुना दाब सोडायलाच विसरलो, त्यामुळे बूच ठप्पकन उडून छताला लागले आणि मी आंघोळ केल्यासारखा भिजलो. दुसरीही फसफसली, कारण तोटी तोवर माझ्या हातात धरून कोमट झाली होती. तिसरीपासून मात्र एकेका बाटलीला मिनिट-दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला नाही. बारा भरल्या, दर बाटलीला फेसावरच झाकण लावले.

तुलना व्हावी म्हणून दोन बाटल्या मुद्दाम फेस पूर्ण बसू देऊन बंद केल्या आणि त्यांच्या झाकणांवर खूण केली. काल, चार आठवड्यांनी, मित्राला न सांगता दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ओतले. वायू दोन्हींत सारखाच होता. रंगातला फरक त्याने उजेडात धरताच ओळखला, आणि खुणेच्या पेल्याचा वास घेऊन तो म्हणाला की ही तुझी मागच्या वेळची बीअर आहे का.

आता शेवटची शंका. भरून झाल्यावर तोटीतून आणि नळीतून गरम पाणी सोडले, तेवढे पुरेसे आहे का?

नळीवाला

पुरेसे नाही. तोटीच्या आतली दांडी वर ओढून बाहेर निघते. तिच्या टोकाच्या रबराखाली बीअर साचते आणि आठवड्यात तेथे चिकट थर धरतो. दांडी काढून, बुचातून नळी ओढून, सगळे सुटे भाग नळ्या धुण्याच्या अल्कधर्मी द्रावणात पंधरा मिनिटे बुडवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि सुटेच वाळवा. पुढच्या वेळी भरण्याआधी जोडा आणि मगच निर्जंतुक करा. बुचाचे भोक मात्र दर वेळी उजेडात धरून बघा, माझ्या एका बुचात तेथेच काळी बुरशी लपलेली होती.